फुकटचं पुस्तक आणि शॉर्टहँडची वही

वैजयंताबाई खिल्लारेंनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नाहीत. टाइप करताना खाडाखोड केली नाही, आणि शैला आपली कोण लागते हे कुणाला सांगितलं नाही. पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसरीला त्या सवय म्हणत.

हिंगोलीकडून त्या भाईंदरला आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. मोरव्याच्या रस्त्याला एका गाळ्यात सहा मशीन टाकून त्यांनी टायपिंगचा क्लास काढला. मराठी शॉर्टहँड मिनिटाला एकशेवीस शब्दांनी पास झालेली बाई अख्ख्या भाईंदरात एकच होती आणि ती बाई हे कुणाला विसरू देत नसे. परीक्षेचा नियम त्या पहिल्याच दिवशी पोरींच्या कानात घालत. बोलणाऱ्याचा शब्द आपला नसतो, तो बदलायचा नाही. चुकीची रेघ अर्धी चूक, पण गाळलेला शब्द पूर्ण चूक. पुढे संगणक आले, मशीन भंगारात गेली आणि क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान उघडलं. बाईंचा ताठा मात्र कुठल्याच भंगारवाल्याला पेलला नाही.

शैला त्याच क्लासची विद्यार्थिनी. राई गावच्या जुन्या शेतकरी घरातली, वडिलांची मिठागरात वहिवाट होती. ती टायपिंगमध्ये तीनदा नापास झाली, शेवटी नर्सिंगला गेली आणि त्यानंतर दोन वर्षांनी बाईंच्या खोलीत राहायला आली ती आजतागायत. तिसाला वर तीन वर्षं झाली. लोक विचारत, तेव्हा बाई म्हणत, "रूममेट आहे माझी." शेजारच्या हंसाबेन दोघींना बहिणी समजत, आणि बाईंनी तो समज कधी मोडला नाही. शैलाही शहाणी. घरात "वैजू", पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की "मॅडम".

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने शैलाचे दोन्ही डोळे नेले. आणि या भाद्रपदात तिच्या फोनवर एक निरोप आला. तो तिने बाईंना वाचायला दिला, तिथून सगळं सुरू झालं.

निरोप संपदा नावाच्या मुलीचा होता. महाराष्ट्रातल्या समलिंगी बायका आणि पुरुषांचा इतिहास तिच्या संस्थेने पाच भागांत केला होता, ई-पुस्तकं होती आणि सगळी फुकट होती. तिसऱ्या भागातलं सातवं प्रकरण तुमचं आहे शैलाताई, बारा वर्षं लागली, माफ करा, असं तिने लिहिलं होतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "तुमचं म्हणजे?"

"ती पोरगी आलती एकदा. तू धम्मयात्रेला सांचीला गेलतीस तवा," शैला म्हणाली. "तिनं इचारलं, मी सांगितलं. नाव बदललंय त्यांनी माझं."

"मला न विचारता?"

"तुला इचारलं असतं तर तू हो बोल्ली असतीस?"

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.  दुसऱ्या दिवशी चहा पिताना शैला एवढंच म्हणाली, "मना एकदा ऐकायचंय, मी काय बोलले ते. डोळे होते तवा पुस्तक न्हवतं. आता पुस्तक हाय तर डोळे न्हाय." आणि राग असूनही बाई फोन घेऊन बसल्या, कारण या बाईचं काही मागणं परतवणं त्यांना तीस वर्षांत जमलेलं नव्हतं.

आता, फुकट पुस्तक म्हणजे झाडाचा आंबा, हात लांबवला की मिळाला, असं आपल्यासारख्या भाबड्यांना वाटतं. या आंब्याला मात्र सात कुलपं होती. पुस्तक वाचायला आधी एक ॲप पाहिजे. ॲपला खातं पाहिजे. एका वेळी शंभरच जणांना प्रत मिळणार, तीही चौदा दिवसांसाठी. मग ती आपोआप मिटणार आणि पुन्हा हवी असेल तर तीन महिन्यांच्या रांगेत उभं राहायचं. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड विचारल्यावर बाईंनी जे एकमेव खातं त्यांना पाठ होतं ते बिनदिक्कत टाकलं. ते बुद्धविहाराच्या वाचनालयाचं होतं. बाई वाचनालयाच्या चिटणीस, खातं त्यांनीच उघडलेलं. त्यात काही वावगं असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

पुस्तक मिळालं. बोट लावलं तर अक्षरं उमटली: ही प्रत या खात्याच्या नोंदणीकृत यंत्रावरच उघडेल.

नोंदणीकृत यंत्र म्हणजे विहारातला टॅब्लेट. 

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी सहा वाजता ग्रंथवाचन असतं. वाचायला बापूराव. वय एक्क्याऐंशी, निवृत्त पोस्टमास्तर, विहाराचे अध्यक्ष. छापील अक्षर त्यांना दिसेनासं झालं म्हणून मंडळाने टॅब्लेट घेतला, त्यावर अक्षर बोराएवढं होतं. ग्रंथ उघडायला बापूराव थरथरतं बोट पडद्यावर ठेवत, आणि ते बोट जिथे पडायचं तिथे पडे. आता त्या पडद्यावर धम्मग्रंथाच्या अगदी शेजारी, एकमेकींच्या वेण्या गुंफणाऱ्या दोन बायकांचं चित्र आणि त्याखाली ठळक अक्षरांत पुस्तकाचं नाव झळकत होतं. त्या नावात काही आडपडदा नव्हता.

त्या संध्याकाळपासून वैजयंताबाई बापूरावांच्या उजव्या हाताला बसू लागल्या आणि ग्रंथ स्वतःच उघडून देऊ लागल्या. लोक म्हणाले, काय बाई सेवा करते. सेवा कसली, म्हाताऱ्याचं बोट वेण्यांवर पडू नये म्हणून तो पहारा होता.

टॅब्लेट घरी नेता येत नव्हता. विहाराची वस्तू विहाराबाहेर जाणार नाही हा ठराव बाईंनीच रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिला होता. त्यांनी संपदाला फोन लावला. पोरगी बिचारी ओशाळली. "कुलपं आम्ही नाही लावली हो, मावशी. ज्यांनी पुस्तकं चढवायला जागा दिली त्यांच्या यंत्रणेची ती अट आहे. मलाच माझं पुस्तक कॉपी करता येत नाहीये." मग तिने तीन उपाय सांगितले आणि तिन्ही फसले. शैला रोज विचारी, "झालं का उघडून?" बाई म्हणत, "बघतेय." यातच बारा दिवस गेले.

चौदावा दिवस शनिवारचा होता. रात्री बारा वाजता पुस्तक मिटणार होतं. दुपारी दोनला बाईंनी आपल्याजवळच्या चावीने विहाराचं कपाट उघडलं आणि टॅब्लेट घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीला पाठ लावून बसल्या. हॉलमध्ये मनालीचा शिवणवर्ग चालू होता. सहा मशिनी खडखडत होत्या. मनाली बावीस-तेवीसची, नजर सुईसारखी, तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे अवघड काम.

बाईंनी प्रकरण सातवं काढलं. मोठ्याने वाचून दाखवायचं बटण होतं, पण ते करडं पडलेलं, दाबून दबेना. मजकुरावर बोट ओढलं तर पाटी आली: नक्कल करण्यास परवानगी नाही. पडद्याचा फोटो घेतला, तो काळाकुट्ट निघाला. बाईंचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. शैलाचा फोन पिशवीत होता, त्याने वरून फोटो काढता आले असते. पण त्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप राईला भूपेशच्या संगणकावर जाऊन बसतो. भूपेश म्हणजे शैलाचा भाचा, त्यानेच ती सोय करून दिलेली. बाईंनी फोन पुन्हा पिशवीत टाकला.

एवढी कुलपं ठोकणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता, आणि ती गोष्ट बाईंच्या पर्समध्ये होती. शंभर पानी वही आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली. शॉर्टहँड. भाईंदरात ही लिपी वाचू शकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाई लिहू लागल्या.

शॉर्टहँड अक्षराला धरून चालत नाही, आवाजाला धरून चालतं. आणि संपदाने शैलाचं बोलणं जसंच्या तसं छापलं होतं, एकही "न्हाय" सुधारला नव्हता. नाव तेवढं बदललेलं. वैजयंताबाई रेघा ओढत गेल्या आणि कानात शैला बोलत गेली. बारा वर्षांपूर्वीची, डोळे असलेली. वहीचं तेविसावं पान आलं तेव्हा पेन्सिल थांबली. पुढची चार वाक्यं बाईंनी पडद्यावर तीनदा वाचली. त्यांनी ती उतरवली, कारण उतरवायचं तर सगळं, मग शेवटची ओळ लिहिली आणि वही मिटली.

"काय टिपतेस गं?"

बापूराव काठी टेकत समोर उभे होते. साडेचारलाच आले होते. बाईंनी टॅब्लेट पालथा घातला.

"भंतेजींचं मागच्या पौर्णिमेचं प्रवचन," त्या म्हणाल्या. "जुनं टिपण होतं, सुवाच्य करतेय."

"चांगलं, चांगलं," म्हातारा म्हणाला आणि खुर्चीत जाऊन टेकला. बाईंनी आजवर शेकड्याने प्रवचनं टिपून दिली होती, त्यात नवल काहीच नव्हतं. बाईंना मात्र स्वतःची शरम वाटली. बुद्धमूर्तीपासून आठ हातांवर त्या खोटं बोलल्या होत्या.

आता पडद्यावरची ती वेण्यांची जोडी हलवायची राहिली होती. बाईंनी पुस्तक काढून टाकलं. पाच सेकंदांत ते परत येऊन बसलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. बायका शिवणयंत्रं झाकू लागल्या, मनाली सतरंज्या पसरू लागली. घाईघाईत बाईंना एक बटण सापडलं: यंत्राची नोंदणी रद्द करा. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. बाईंनी होकार दिला.

वेण्या गेल्या. त्याबरोबर धम्मग्रंथ गेला, वाचनालयाची झाडून सगळी पुस्तकं गेली. पडदा स्वच्छ झाला. खाली एक ओळ राहिली: नवी नोंदणी चोवीस तासांनंतर करता येईल.

सहा वाजता पस्तीस-चाळीस माणसं जमली. शैलाला हंसाबेन रोजच्यासारख्या पायरीपर्यंत सोडून गेल्या आणि मनालीने तिला हात धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं. काळा चष्मा, मांडीवर हात. दुपारी निघताना बाई तिला म्हणाल्या होत्या, काहीच जमलं नाही तर वहीत उतरवून आणते, घरी गेल्यावर वाचून दाखवीन. शैलाचा चेहरा सणाच्या पंगतीला बसल्यासारखा दिसत होता.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. "मुसावादा वेरमणी" हे खोटं न बोलण्याचं शील म्हणताना बाईंनी नुसते ओठ हलवले. मग बापूरावांनी टॅब्लेट मांडीवर घेतला, पुसला, बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं.

"हे काय झालं? ग्रंथ कुठाय?"

मनालीने पाहिलं, "सगळं उडालंय, काका." कुणी म्हणालं छापील प्रत काढा. छापील प्रत पानं सुटली म्हणून मंगळवारीच बाइंडरकडे गेली होती. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. या विहारात वर्षावासाचं वाचन एकोणीस वर्षांत एक दिवस चुकलं नव्हतं, बापूरावांच्या बायकोच्या अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा नाही.

म्हाताऱ्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "वाचन चुकणार नाही. वैजयंता, दुपारभर प्रवचन उतरवत होतीस ना? तुझी वही काढ."

चाळीस तोंडं बाईंकडे वळली.

बाईंनी वही काढली. काढावीच लागली. तिच्यात काय आहे हे या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं, आणि वाचता एकटीलाच येत होतं. वही उघडी धरायची आणि मैत्रीवर, करुणेवर, अनित्यतेवर अर्धा तास बोलायचं. इतकी प्रवचनं टिपून झाल्यावर त्यांना ते झोपेतही जमलं असतं. कुणी येऊन पान तपासणार नव्हतं. सुटका इतकी सोपी होती की बाईंनी तोंड उघडलंसुद्धा.

समोर शैलाने मान वर केली होती. तिला दिसत काही नव्हतं, पण ती ऐकायला बसली होती. बाईंच्या मनात आलं, आता मी करुणेवर बोलले तर ही काही म्हणणार नाही. घरी जाऊन भाकऱ्या टाकेल, मग मी वाचीन, ती ऐकेल, आणि तेव्हाही काही म्हणणार नाही. तेहेतीस वर्षं म्हणाली नाही तशीच. आणि बाईंना या बाईच्या न बोलण्याची जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

"बापूराव," त्या म्हणाल्या, "मी दुपारी खोटं बोलले. हे प्रवचन नाही. एका बाईने आपलं आयुष्य सांगितलंय, ते पुस्तकातून उतरवलंय. चालेल का?"

बापूरावांनी कानामागे हात धरला होता. "खरं आहे का ते?"

"खरं आहे."

"मग वाच."

बाईंनी घसा खाकरला आणि वाचू लागल्या. आवाज क्लासमधला लागला, डिक्टेशनचा, चढउतार नसलेला.

"मना टायपिंग कवाच जमलं न्हाय. तीस शब्दांच्या परीक्षेला मी तीनदा नापास झाले. चौथ्यांदा फॉर्म भरला तो पास व्हायला न्हाय. क्लास सुटला तर मॅडम दिसनार न्हाय, म्हणून भरला."

तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. त्या खोलीत "न्हाय" म्हणणारी एकच बाई होती, आणि टायपिंगची मॅडमही एकच. मनालीची नजर वहीवरून शैलाकडे गेली, शैलावरून बाईंकडे आली आणि तिथेच थांबली.  त्या वाचत राहिल्या.

"घरच्यांनी स्थळं आनली. पहिल्याला मी बोल्ले मना नोकरी हाय. दुसऱ्याला बी तेच. तिसऱ्याला बोल्ले मना मानूस हाय. आयनं इचारलं कोन. मी सांगितलं न्हाय. मॅडम सांगू नको बोल्ली होती."

मागच्या रांगेतल्या दोघी उठल्या, चपला शोधल्या आणि निघून गेल्या. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हे काय वाचताय विहारात?" बापूराव त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मध्ये बोलू नका. तिचं संपू दे." नाइट ड्यूटीवरून आल्यावर उंबऱ्यात ठेवलेला गरम पाण्याचा तांब्या बाईंनी वाचला. एकाच पलंगावर दोन पांघरुणं, पाहुणे आले की दुसरी खाट मांडायची ते वाचलं. स्वतःचं आयुष्य त्या दुसऱ्याचं डिक्टेशन वाचावं तसं वाचत होत्या, कारण दुसरं कसं वाचावं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेविसावं पान आलं. ती चार वाक्यं आली. बाईंचे डोळे त्यांवरून घसरले आणि थेट शेवटच्या ओळीवर गेले.

"एवढंच हाय. सुखात हाय मी." त्यांनी वही मिटली. "संपलं."

 वाचन संपलं की इथे सगळे तीनदा "साधू" म्हणतात, तेही कुणी म्हणेना.  बापूराव काठीच्या मुठीकडे बघत बसले होते.

"वैजू," पहिल्या रांगेतून शैला म्हणाली.

चार लोकांत तिने बाईंना ही हाक आजवर कधी मारली नव्हती. 

"वैजू, मधली चार वाक्यं सोडलीस तू. मी बोलले होते, मना आठवतंय." तिचा आवाज शांत होता. "गाळलेला शब्द पूर्ण चूक. तूच शिकवलंस ना?"

वैजयंताबाईंनी वही पुन्हा उघडली. तेविसावं पान काढलं. या वेळी डिक्टेशनचा आवाज लागला नाही. जो होता तोच आवाज आला.

"ती मना लोकांसमोर रूममेट बोलते. त्याचं मना काय वाटत न्हाय. पन मी उद्या मेले तर माझ्या मैताला ती कुठं उभी राहील, घरच्यांत का शेजाऱ्यांत, हे मी तिला कवा इचारलं न्हाय. ती काय बोलंल, याची मना भीती वाटते."

वहीत पुढे फक्त ती वाचून झालेली शेवटची ओळ होती. तरी बाई थांबल्या नाहीत. बोलणाऱ्याच्या शब्दात स्वतःचा शब्द घालायचा नाही हा नियम त्यांनी चाळीस वर्षं पाळला होता, तो त्या शनिवारी सगळ्यांदेखत मोडला.

"घरच्यांत," त्या म्हणाल्या. आणि बापूरावांच्या शेजारची आपली जागा सोडून पहिल्या रांगेत शैलाजवळ जाऊन बसल्या.